अकोल्याची पोच

निवृत्त माणसानं काय करावं याबद्दल अमरावतीत मतं फुकट मिळतात. व्याह्यांचं मत होतं की मी सकाळी वडाळीच्या तलावाकडे फिरायला जावं. शेजारच्या वकिलांचं मत होतं की हास्य क्लबात नाव घालावं. मी एकदा जाऊन आलो, पण कारण नसताना हसायला मला कधीच जमलं नाही. बायकोचं मत होतं की काहीही करा, फक्त स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं उघडून पाहू नका. मी कम्प्युटरवर लिनक्स शिकायला बसलो. त्याला कारण अकोल्याचा माणूस. लिनक्स शिकताना एक गोष्ट मी अगदी बरोबर शिकलो आणि ती भलत्याच जागी लावली. त्याची रुखरुख अजून जात नाही.

मी तार ऑफिसात होतो. अमरावतीच्या टोकाला मी आणि अकोल्याच्या टोकाला तो, अशी आमची वर्षानुवर्षं ड्यूटी. एकमेकांची नावं ठाऊक होती, पण वापरायची वेळ आली नाही. तारेवर माणसाला नाव नसतं, गाव असतं. तो मला अमरावती म्हणायचा, मी त्याला अकोला. पुढे घरी फोन आले, लग्नाकार्यात भेटी झाल्या, तरी हाका त्याच राहिल्या. त्याची बायको हयात होती तेव्हा फोन उचलून आत ओरडायची, "अजी, अमरावती आया!" आणि मला उगाच आपण फार मोठे असल्यासारखं वाटायचं.

तो मूळचा बाळापूरचा. त्याच्या घरात पूर्वी सतरंज्या विणायचे. बोलणं वऱ्हाडी, त्यात उर्दू मिसळलेली, आणि रागावला की दोन्ही एकदम. पण मी त्याला आवाजाआधी हातानं ओळखत होतो. मोर्सची सगळी अक्षरं दोनच आवाजांची, एक आखूड आणि एक लांब. आम्ही त्यांना टिंब आणि रेघ म्हणायचो. तीच टिंबं, त्याच रेघा, पण कळ दाबायची प्रत्येकाची ढब निराळी. अकोल्याच्या हाताची खूण म्हणजे शेवटची रेघ. शब्दाच्या अखेरीस रेघ आली की तो ती जरा जास्तच ओढायचा, निघालेला पाहुणा उंबऱ्यावर बोलत थांबतो तशी. साहेब लोक रागवायचे. त्याची सवय गेली नाही, आणि मला तर त्या रेघेशिवाय तार पुरी झाली असं वाटायचंच नाही.

आमच्या कामाचा एक कायदा होता. तार पाठवली म्हणजे पोचली असं नसतं. समोरून पोच यावी लागते. एकच अक्षर, आखूड-लांब-आखूड. ते ऐकल्याशिवाय तारेच्या कागदावर वेळ टाकायची नाही आणि खुर्ची सोडायची नाही. पोच आली नाही तर पुन्हा हाक मारायची, थांबायचं, पुन्हा हाक मारायची. गप्प तार म्हणजे कुठेतरी मूर्तिजापूरच्या अलीकडे खांब आडवा झाला, नाहीतर समोरचा माणूस खुर्चीत नाही. गप्प तारेवर भरवसा ठेवणाऱ्याला आमच्याकडे नवशिक्या म्हणत. नोकरीत असताना मी असा नवशिकेपणा कधी केला नाही.

मग मोर्स गेलं, टेलिप्रिंटर आला, तोही गेला, आणि आम्ही दोघं एकाच वर्षी घरी बसलो.

वऱ्हाडाचे ते दिवस वाईट होते, शेतकरी जीव देत होते. इर्विन चौकात दिल्लीच्या पाट्यांच्या गाड्या उभ्या असायच्या आणि त्यांतली पेपर-टीव्हीची मंडळी चहावाल्याला विचारायची, इथून जवळचं खेडं कोणतं. सकाळचा पेपर बायको आधी स्वतः चाळायची आणि मग माझ्याकडे द्यायची, कारण त्यातली गावांची नावं तिच्या माहेरच्या बाजूची असायची. तिचा भाऊ चांदूरबाजारकडे शेती करतो. माणूस हसरा, तब्येतीनं धडधाकट, जावयांच्या मांडीला मांडी लावून पत्ते कुटणारा. त्याला काही झालेलं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. पण त्या वर्षांत ती रोज संध्याकाळी त्याला फोन करायची. विचारायची एवढंच, "जेवलास काय?" तो म्हणायचा, "हो." की ठेवला फोन.

मी तिची थट्टा करायचो. म्हटलं, "एवढा मोठा माणूस, रोज उपाशी राहते काय?"

"त्यानं हो म्हटलं की मले बरं वाटते," ती म्हणाली. "तुमाले नाई समजाचं."

घरोघरी हेच चालू होतं. खेड्यातला फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही, तर शहरातला भाऊ मोटारसायकल काढून निघायचा. गेल्यावर दिसायचं की भाऊ शेतात ओलितावर आहे आणि फोन घरात. मग दोघं एकमेकांवर ओरडायचे आणि चहा प्यायचे. गप्प फोनला सगळा वऱ्हाड घाबरत होता. मी सोडून.

अकोल्याची बायको वारली तेव्हा मी जाऊन आलो होतो. त्यानंतर मोठ्या घरात तो आणि सून. मुलगा नोकरीनं आखातात. सून शांत, कामसू. सासऱ्याला अब्बा म्हणायची आणि पडदा बाजूला करून चहा ठेवून जायची. महिनाभरानं त्याचा फोन आला.

"काय बे अमरावती, तुयाकडं कम्प्युटर हाये ना?"

होता. मुलानं पुण्याला जाताना नवा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारून गेला होता. त्यावरचं विंडोज इतकं संथ झालं होतं की सुरू करून मी आंघोळीला जात असे.

"ते काढून टाक," अकोला म्हणाला. "लिनक्स म्हणून एक हाये. पोस्टानं फुकट सीडी येते. म्या दोन मागवल्या. एक तुले धाडून राहिलो."

मी म्हटलं, "अरे, या वयात हे काय?"

"ऐक तर. यात काळा पडदा असते. चित्रंबित्रं काई नाई, माऊस नाई. अक्षरं ठोकाची अन् काम व्हते. पुन्हा कळीवर बसल्यासारखं वाटते बे."

त्या शेवटच्या वाक्यानं मी कबूल झालो.

लिनक्स त्या सीडीवरून चढवायलाच आठवडा गेला, कारण भारनियमन. अर्ध्यावर लाइट जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. लाइट कधी जाणार ते वेळापत्रक पेपरात यायचं, पण ते वेळापत्रक लाइटनं वाचलेलं नसायचं. अमरावतीची लाइट असली की अकोल्याची नसे, आणि अकोल्याची आली की आमचा पंखा थांबे. दोन्हीकडे एकाच वेळी उजेड असे तो दिवसातला थोडका वेळ. त्या वेळात फोन कानाला लावून आम्ही दोन म्हातारे शिकत होतो.

पहिल्याच दिवशी मी पासवर्डला अडलो. टाइप करतोय आणि पडद्यावर काहीच उमटत नाही, साधी फुलीसुद्धा नाही. मी कीबोर्ड उलटा करून झटकला. शेवयांचे तुकडे आणि एक मेलेली मुंगी पडली, अक्षर काही पडलं नाही.

"तू ठोकत राय," अकोला फोनवर म्हणाला. "तो घेऊन राहिला. दाखवत नाई फक्त."

नंतरचा घोळ मात्र तारवाल्यानंच करावा असा होता. फोल्डर बनवायचा हुकूम मी दिला, एंटर दाबलं. खालच्या ओळीवर तो पांढरा ठोकळा लुकलुकायला लागला, बाकी काही नाही. मी थांबलो. पोच येईना. आमच्या कायद्याप्रमाणे मी तोच हुकूम पुन्हा दिला. तेव्हा तो बोलला, आणि बोलला ते असं, की हे फोल्डर आधीच आहे, बनवता येत नाही. मला राग आला. पहिल्यांदा मुकाट बसला आणि दुसऱ्यांदा अंगावर आला! मग जुनी पत्रं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नकलायला घेतली. पुन्हा तेच. शांतता. मी पुन्हा हुकूम दिला. आता मात्र तो भांडलाही नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पत्रांच्या फोल्डरच्या पोटात पत्रांचं आणखी एक फोल्डर.

अकोल्याला सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला. म्हणाला, "मीबी हेच केलं बे! आपुन दोघं तारेतच मरणार." मग समजावून म्हणाला, "हा लिनक्स कामाचा माणूस हाये. काम झालं तर बोलत नाई. बिघडलं तरच बोलते. तो गप बसला म्हंजे समजाचं, खैरियत हाये."

आत बायको पोळ्या लाटत होती. फोनमधला त्याचा आवाज नेहमीच गल्लीपर्यंत जायचा, तो तिनं ऐकला. म्हणाली, "म्हंजे तुमच्यासारखाच निंगाला. भाजी चांगली झाली तर हू नाई का चू नाई. मीठ कमी पडलं की तोंड उघडते."

खरं सांगायचं तर मला लिनक्सचा तो स्वभाव मनापासून आवडला. आयुष्यभर पोच देऊन आणि पोच घेऊन मी कंटाळलो होतो. हे एक यंत्र असं भेटलं होतं की जे म्हणत होतं, विश्वास ठेव आणि पुढचं काम कर.

त्या वर्षी मी खूप शिकलो. फायली शोधायला शिकलो, एका हुकुमाचं उत्तर दुसऱ्या हुकुमाच्या तोंडात द्यायला शिकलो. दोन-चार ओळींचे माझे स्वतःचे हुकूम लिहायला लागलो. सकाळी लाइट आली की मी त्या पडद्यासमोर बसायचो आणि मला पुन्हा कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. व्याही आले की मी मुद्दाम काळा पडदा उघडा ठेवायचो.

अकोला मात्र पुढे जाईना. मला या वाटेला लावणारा तो, आणि तोच रोज फोन करून विचारायचा, "बे, एका फोल्डरातून दुसऱ्यात कसं जाचं?" मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी विचारायचा, फाईल पुसायची कशी. कधी काहीच विचारायचं नसलं तर म्हणायचा, "कालची मेल पोचली काय तुले?" त्या मेलमध्ये काय असायचं? "अकोल्यात आज ऊन लय हाये." एवढंच.

माझी पंचाईत अशी होती की हा फोन नेमका लाइट असतानाच यायचा. इकडे माझं काहीतरी अर्ध्यावर आलेलं, घड्याळाकडे लक्ष, आणि तिकडून "बे, कसं जाचं?" मी तुटक बोलायला लागलो. तो ते ओळखून होता. आमच्या धंद्यात समोरच्याचा हात जड झाला हे लगेच कळतं.

एका दुपारी उन्हाळ्यात मी काहीतरी जुळवत होतो आणि त्याचा फोन आला. "पोचली काय मेल?"

मी म्हटलं, "पोचली रे बाबा. पोचली नसती तर परत आली असती. तूच शिकवलंस ना? मग रोज रोज पोच कशाला मागतोस? आपण आता लिनक्ससारखं राहू. बिघडलं तरच बोलायचं. गप्प असलो म्हणजे खैरियत."

मी हे हसत म्हणालो होतो. हसत म्हटलेल्या गोष्टीत किती खरं असतं ते म्हणणाऱ्याला ठाऊक असतं.

तो म्हणाला, "मंजूर. बात तर सही हाये." आणि त्यानं फोन ठेवला. रोज तो फोन ठेवताना "चल बे, खुदा हाफिज" म्हणायचा आणि ते 'हाफिज' ओढायचा, शेवटच्या रेघेसारखं. त्या दिवशी म्हणाला की नाही, मला आठवत नाही. आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

त्यानंतर फोन आला नाही. मला आधी मोकळं वाटलं, हे मी लपवत नाही. लाइटचा सगळा वेळ माझा झाला. आणि त्या वेळात मी जे करायला घेतलं ते त्याच्यासाठीच होतं, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. लिनक्सवर एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. आपण टाइप केलेली अक्षरं तो मोर्समध्ये वाजवतो. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांनी घरात कळीचा आवाज! बायको हात पुसत बाहेर आली. पण दोन मिनिटं ऐकल्यावर माझं मन उतरलं. सगळी टिंबं सारखी, सगळ्या रेघा सारख्या. त्यात हात नव्हता कुणाचा.

तेव्हा मी ठरवलं की याला अकोल्याचा हात शिकवायचा. शब्दाची शेवटची रेघ आली की ती ओढायची. आणि एक दिवस फोन स्पीकरजवळ धरून त्याला त्याचाच हात ऐकवायचा, काही न सांगता. तो काय म्हणेल तेही मी ठरवून ठेवलं होतं. म्हणेल, "कोन हाये बे हा? माझ्यासारखा ठोकते!"

नवशिक्याला हे सोपं नव्हतं. तयार प्रोग्रॅम ऐकेना, म्हणून मी नुसता आवाज काढणारा हुकूम घेऊन एकेक अक्षर त्यात बांधायला लागलो. रेघ कितपत लांब करायची? थोडी केली तर तो हात वाटेना, जास्त केली तर भोंगा वाटे. मी डोळे मिटून जुनी ड्यूटी आठवायचो, रेघ बदलायचो, पुन्हा ऐकायचो. पाऊस सुरू झाला, ओसरला. पोळा आला. आमच्या दारावरून बैल गेले, त्या वर्षी शिंगांना बेगड कमीच होती. बायको बैलांना पुरणपोळी देऊन आत आली आणि म्हणाली, "अकोलेवाल्या भाऊचा फोन नाई आला बरेच दिवस."

"नाही आला म्हणजे ठीक आहे," मी म्हटलं. "आमचं ठरलंय तसं."

"असं कुठं ठरते काय?" ती म्हणाली. "करून पाहा ना तुमीच."

मी रिसीव्हर उचलला. नंबर पाठ होता. पहिले आकडे फिरवले आणि लाइट आली. पंखा फिरायला लागला, आत कम्प्युटरचा दिवा लागला. मी विचार केला, रेघ आज जमण्याच्या बेतात आहे, जमली की एकदमच फोन करू. रिसीव्हर ठेवून दिला.

रेघ दसऱ्याच्या सुमाराला जमली. मी ती बायकोला ऐकवली. तिला मोर्सचं काही कळत नाही, पण ती म्हणाली, "हा शेवटी रेंगाळते." मी इतका खूश झालो की तिच्या भाजीचंही कौतुक केलं. तरी फोन दिवाळीनंतर करायचा ठरवला, कारण दिवाळीत मुलगा येणार होता आणि त्याच्याकडून स्पीकर चांगला करून घ्यायचा होता. काम पुरं झाल्याशिवाय दाखवायचं नाही, असा माझा स्वभाव. या स्वभावाला लोक आजवर चांगला म्हणत आले.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे साहेबासमोर उभं राहून, सही करून सांगायचं. मी दर वर्षी त्यावर एकच विनोद करायचो, की सरकारसुद्धा वर्षातून एकदा पोच मागतं. त्या वर्षीही दिवाळीआधीच्या रांगेत तोच विनोद केला. माझ्या पुढे आमच्याच खात्यातला एक जुना माणूस होता. तो हसला नाही. म्हणाला, "तुमचा अकोलेवाला यंदा नाही ना आता. तुम्ही गेलाच असाल मातीला."

मी विचारलं, "कोण?"

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग हळूच सांगितलं. पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत. चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला होता. मी सही केली. कारकुनानं ती जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि पुन्हा करायला लावली.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला गेलो. बायकोनं बरोबर अमरावतीचा दह्यातला गिला वडा बांधून दिला, कारण मी अकोल्याला जाताना नेहमी तो न्यायचो आणि तिला दुसरं काय द्यावं सुचलं नाही. गाडीत डबा मांडीवर होता. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. रुळांच्या बाजूचे तारेचे जुने खांब काही ठिकाणी अजून उभे होते, तारा नव्हत्या.

सुनेनं दार उघडलं आणि मला ओळखून पदर सावरला. बसायला सांगितलं. कोपऱ्यात कम्प्युटर होता, त्यावर धुतलेली चादर नीट घडी घालून टाकलेली. ज्या पलंगावर तो झोपायचा तो तिथेच, खिडकीशी. मी त्याच्या कडेला बसलो.

"किती दिवस आजारी होता?" मी विचारलं.

"उन्हाळ्यातच सुरू झालं, काका. छातीत पाणी झालं होतं. दवाखाना झाला, घरी आणलं, पुन्हा दवाखाना."

उन्हाळ्यात. मी हिशेब केला नाही. करायची गरज नव्हती.

"मग मला कळवलं का नाही?" माझा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला.

ती घाबरली नाही. म्हणाली, "म्या दोनदा म्हटलं, अब्बा, अमरावतीले फोन लावू काय? तर म्हणे, राहू दे. आमचं ठरलं हाये, बिघडलं तरच बोलाचं. म्या म्हटलं, अब्बा, आता बिघडलं नाई तर काय हाये? तर म्हणे, इतकं नाई बिघडलं. बरा होतो अन् मीच जातो."

मी कम्प्युटरकडे पाहत राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "त्याला ते नीट आलं नाही शेवटपर्यंत. एका फोल्डरातून दुसऱ्यात जायचं रोज विचारायचा."

"अब्बा?" सून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. "त्यायनं तर मले शिकवलं, काका. ते तर पहिल्याच दिवशी शिकवलं. माझ्या माहेरची सगळी चिठ्ठी-पत्री म्या याच्यावरच लिहिते. त्यायले सगळं येत होतं."

त्याला सगळं येत होतं. त्याला फक्त फोन करायला काहीतरी निमित्त लागत होतं. बायको गेलेली, मुलगा समुद्रापलीकडे, आणि दिवसभरात एक माणूस बोलायला हवा. तर त्यानं मला शिक्षक केलं, म्हणजे मी कंटाळणार नाही. माझी बायको तिच्या भावाला विचारायची ना, जेवलास काय? त्यातलंच हे, एका फोल्डरातून दुसऱ्यात कसं जाचं.

आणि मी त्याला यंत्राचा कायदा लावला. यंत्राचं ठीक आहे. ते नीट असलं की गप्प असतं आणि बिघडलं की ओरडतं. माणूस उलटा आहे. माणूस बरा असतो तेव्हा बडबडतो, ऊन लय हाये म्हणून मेल लिहितो. बिघडला की गप्प होतो. हे त्या वर्षांत वऱ्हाडातल्या प्रत्येक बाईला कळत होतं, माझ्या बायकोला कळत होतं. कळलं नाही ते मला, ज्यानं जन्मभर पोच घेण्या-देण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

मी गिला वड्याचा डबा तिच्याकडे दिला. ती आत ठेवून आली. परत येऊन म्हणाली, "एक विचारू काय, काका? शेवटी शेवटी अब्बा बोलत नव्हते. बोटं हालवाचे फक्त. आम्हाले वाटे ताप हाये म्हणून. पण ते एकसारखंच करत."

"कसं?"

ती पलंगाशी वाकली आणि लाकडी कडेवर तिनं एक बोट टेकवलं. "असं." बोट टेकवून उचललं. मग टेकवून थोडं धरलं. मग सोडलं. मग दोनदा टेकवून धरलं, आणि दुसऱ्यांदाचं बोट तिनं उचललंच नाही, तसंच दाबून ठेवलं. "हे शेवटचं ना, लय वेळ धरून ठेवत. मग थांबत. मग पुन्हा पहिल्यापासून."

आखूड, लांब. लांब, लांब. ए आणि एम, आमच्या ऑफिसची हाक. अमरावतीला बोलवायचं तर एवढंच ठोकायचं, आणि थांबायचं, आणि पोच आली नाही तर पुन्हा. तिला मोर्स येत नव्हतं. जे पाहिलं ते तिनं केलं होतं. पण ती रेघ त्याची होती. मी पावसाळाभर घरी बसून यंत्रात घालत होतो, तीच.

"त्याचा काही मतलब होते काय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "मला हाक मारत होता."

तिनं विचारलं, "मग हाक ऐकली की तुमी काय करत?"

मी तिला सांगितलं, पोच द्यायची असते. एकच अक्षर. आणि तिला दाखवायला म्हणून पलंगाच्या त्याच कडेवर, तिनं बोट ठेवलं होतं तिथं, मी ते अक्षर दिलं. आखूड, लांब, आखूड.

पोच दिली की समोरून तार सुरू होते. म्हणून मी बोट तसंच ठेवून जरा वेळ बसून राहिलो.